भानुनानांचा वस्तरा

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात लिहिण्याची रीत नाही. माझ्या आधी आमच्यातलं कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे मनातलं कागदावर कसं उतरवायचं हे मी कुणाकडे पाहून शिकलो नाही. वार्षिक अंकासाठी ‘विसरता न येणारा माणूस’ या विषयावर लिहा असं सरांनी सांगितलं, तेव्हा वर्गातल्या मुलांनी आपापले गुरुजी, आजोबा, रझाकारांशी लढलेले नातेवाईक निवडले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र लातूरचे भानुनाना आले. ते केस कापतात, आणि खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगून आलेले आहेत.

अशा माणसाबद्दल प्रेमाने लिहिण्याचा मला हक्क आहे का, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. ज्याचा जीव गेला त्याच्याही घरी माणसं आहेत. म्हणून नानांनाच फोनवर विचारलं. त्यांनी आधी कशासाठी ते विचारून घेतलं. मग म्हणाले, “लिही की. पर गोड करून लिहू नको.”

तेवढ्या परवानगीवर लिहितो आहे.

मला दहावीला बरे मार्क पडले, म्हणून शाळेतल्या सरांनी बापूंना सांगितलं, पोराला लातूरला टाका. आमचं गाव इस्लापूरजवळचं. बापू दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणारे. लातूरच्या स्टँडवर उतरलो तर भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या मुलामुलींचे फोटो, रस्त्यात जिकडे तिकडे पाठीवर दप्तर अडकवलेली पोरं. बापू म्हणाले, “एवढी लेकरं कुठून गोळा केली रे यांनी?”

क्लासच्या मोठ्या सरांना भेटायचं म्हणून बापूंना आधी दाढी करायची होती. क्लासच्या मागच्या गल्लीत पत्र्याचं एक शेड दिसलं. आत एकच खुर्ची, एक आरसा आणि एक कॅलेंडर. सलूनच्या भिंतीवर असतात तसले नटनट्यांचे फोटो नव्हते. एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस टॉवेल झटकत होता. त्यांनी बापूंना बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं आणि मग पाठीमागून पुढे येऊन बापूंच्या समोर उभे राहिले.

“पाव्हणं, आधी एक सांगतो. मी खुनाच्या केसात जन्मठेप भोगून आलेला माणूस हाय. चालत आसंल तर दाढी करतो. नसंल तर पुढं चौकात दुसरं दुकान हाय. चांगलं हाय.”

बापूंनी माझ्याकडे पाहिलं, मग आरशात स्वतःकडे पाहिलं. म्हणाले, “माझ्याजवळ हाय काय नेण्यासारखं? कर की.”

साबण लावून झाला. वस्तरा गळ्याजवळ आणून नाना थांबले. “ठेवू का?”

“आता बसलोय की कव्हाचा!”

“तसं न्हाई. हाव म्हणा.”

“बरं बाबा, हाव.”

मग वस्तरा चालला. बाहेर पडल्यावर बापू गालावरून हात फिरवत राहिले. “हात लई हलका हाय रे त्याचा. पर आधीच कशाला सांगत बसायचं म्हणतो मी? गिऱ्हाईक पळून जाईल की.”

गिऱ्हाईक पळून जायचंच. पुढे दोन वर्षं मी ते पाहिलं. कापड गळ्यात असताना उठून गेलेली माणसं पाहिली. त्यातली काही परत यायची, काही समोरचा रस्ता टाळायची. एकदा मी भीत भीत नानांना विचारलं, पहिल्या दिवशी नाही सांगितलं तर नाही का चालणार?

नाना कात्री पुसत होते. म्हणाले, “मागून कळलं तर माणूस गळ्याला हात लावत घरी जातो. तसं नको.”

ते शेड आमच्या घरमालकांचं होतं आणि त्यांच्याच गच्चीवरच्या खोलीत मी राहत होतो. घरमालकांचा मुलगा सलीम माझ्याच क्लासला होता, म्हणून आमची दोस्ती झाली. नानांना हे शेड कसं मिळालं ते सलीमकडूनच कळलं. त्याचे मोठे चुलते, खाजाभाई, नानांबरोबर जेलात होते. घराण्यातला धंदाच हजामतीचा, म्हणून जेलातही त्यांना तेच काम होतं. नानांना वस्तरा धरायला त्यांनी शिकवलं. पहिले काही महिने स्वतःच्या नडगीवर चालवायला लावला. नाना घाई करायचे, नडगी रक्ताळायची. खाजाभाई म्हणायचे, “हात कू समझा भानुदास, जल्दी नक्को करू. जल्दी करके तो इधर आया ना तू?”

खाजाभाई जेलातच वारले. जाण्याआधी त्यांनी एवढंच सांगितलं होतं की सुटलास तर लातूरला माझ्या भावाकडे जा.

जेलातली एक सवय नानांनी सोडली नव्हती. तिथे काम संपलं की वस्तरा, कात्री, सगळं हवालदाराच्या ताब्यात द्यावं लागे. एकही वस्तू कमी असली तर सगळ्या बराकीची झडती व्हायची. दुकानातही रोज संध्याकाळी नाना पांढऱ्या टॉवेलवर सगळं ओळीने मांडायचे, नजर फिरवायचे आणि मोठ्याने म्हणायचे, “हत्यार जमा!” घ्यायला समोर कुणी नसायचं. क्षणभर थांबून ते स्वतःच टॉवेल गुंडाळायचे. आम्ही पोरं हसायचो. पुढे पुढे मला त्या क्षणभराच्या थांबण्याचं हसू येईनासं झालं.

नानांच्या जातीत कुणी वस्तरा धरत नाही. त्यांच्या भावकीतले एकजण येऊन, “जेलात गेलास ते एक वेळ झाकून जाईल, हे कसं झाकायचं?” असं म्हणून गेले होते. उलट शहरातल्या न्हावी मंडळींनाही हा बाहेरचा माणूस खटकत होता. त्यांच्यातले एक म्हातारे गृहस्थ दोघांना घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, “तुमी शेतकरी माणसं. आमच्या पोटावर कशाला?”

नानांनी वाद घातला नाही. खुर्ची पुसली. “बसा. हात बघा. वाईट वाटला तर उद्या शेडला कुलूप.”

म्हातारे बसले. नानांनी आधी आपलं नेहमीचं सांगणं सांगितलं, मग ठेवू का विचारलं. सगळी दाढी होईपर्यंत म्हाताऱ्यांनी डोळे मिटले नाहीत. शेवटी कानामागे बोट फिरवून म्हणाले, “हितं जरा र्‍हायलंय.” दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “पुढच्या खेपंला बघतो, र्‍हातंय का.” पुढे ते दर आठवड्याला यायला लागले, आणि दर वेळी कानामागे काहीतरी राहिलेलं त्यांना सापडायचं.

आमच्यासारख्या पोरांशी नानांचं बोलणं थट्टेचं असायचं. कुणी म्हणायचं, “नाना, असं कापा की फिजिक्स डोक्यात शिरलं पाहिजे.” नाना म्हणायचे, “वरून वाट न्हाई, कानातून हाय. क्लासला झोपत जाऊ नको.” एकदाच मी त्यांना चिडलेलं पाहिलं. उदगीरकडचा एक मुलगा परीक्षेत मागे पडून रडकुंडीला आला होता. तो म्हणाला, “नाना, हे लातूर म्हणजे जेलच हाय बघा.”

नानांनी कात्री खाली ठेवली. “तुझ्या खोलीला कडी कुठून हाय?”

“आतून.”

“मंग?”

नानांनी कात्री पुन्हा उचलली. मग मऊ आवाजात म्हणाले, “घरला जाऊ वाटलं तर जा. आईला भेट, जेव, परत ये. तुला कुणाची रजा काढावी लागत न्हाई.”

त्यांनी जे केलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. भारनियमनाची दुपार होती, पंखा बंद, गिऱ्हाईक नाही. औसा तालुक्यातलं त्यांचं गाव. चुलतभाऊ माधवशी सामाईक विहीर होती आणि मोटारीच्या पाळीवरून रोजची भांडणं. “त्या दिशी पाळी त्याची व्हती का माझी, ते कोर्टातबी ठरलं न्हाई. खोरं हातात व्हतं. माधव पाठमोरा व्हता.” इतकं बोलून ते उगाचच आरसा पुसायला लागले. पुसता पुसता पुन्हा एकदा म्हणाले, “पाठमोरा व्हता.”

तेव्हा त्यांची मुलगी सविता रांगत होती.

मग भूकंप झाला. जेलाच्या भिंतीही हादरल्या, पण पडल्या नाहीत. नानांच्या गावातली मातीदगडाची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. त्यांची बायको गेली. चार वर्षांची सविता कणगीच्या आडोशाला सापडली, जिवंत. माधवच्या घरातलं जवळजवळ सगळं माणूस गेलं, त्याचा भाऊ गोविंद तेवढा उरला. नानांना दोन पोलिसांच्या बंदोबस्तात गावी नेलं, पण तोवर बायकोची चिता विझली होती आणि सविताला तिचे मामा हदगावला घेऊन गेले होते.

गावातल्या प्रत्येक पुरुषाला सुतक होतं आणि डोकी भादरायला न्हावी नव्हता. गावचे लिंबाजी न्हावी स्वतःच ढिगाऱ्याखाली गेले होते. त्यांची धोकटी, म्हणजे हत्यारांची पिशवी, कुणीतरी काढून झाडाखाली ठेवली होती. नाना म्हणाले, “ती धोकटी बघितली आन् पोलिसाला म्हणलं, साहेब, मला येतंय.”

पोलीस म्हणाला, “तुझ्या हातात वस्तरा देऊ? नोकरी घालवतो का माझी?” पण दुसरा पोलीस त्याच भागातला होता, त्याचीही माणसं गेली होती. त्याने टोपी काढली आणि स्वतः पहिल्यांदा नानांपुढे बसला.

मग एकामागून एक माणसं बसत गेली. ज्यांनी कोर्टात नानांविरुद्ध साक्ष दिली होती तेही बसले. शेवटी गोविंद आला आणि मान खाली घालून पुढ्यात बसला.

“माझा हात उठंना,” नाना म्हणाले. “त्याच्या भावाला म्या मारलेलं. मंग इचारलं, ठेवू का? तो म्हणला, ठेव. आता काय राह्यलंय?”

तेव्हापासून नाना विचारल्याशिवाय वस्तरा ठेवत नाहीत. संध्याकाळी त्यांनी सगळी हत्यारं धुऊन धोकटीत घातली, ती लिंबाजीच्या मुलाच्या हातात दिली आणि पोलिसांबरोबर परत गेले.

सुटून आल्यावर ते आधी हदगावला गेले. स्टँडजवळच्या दुकानातून सवितासाठी फ्रॉक घेतला, लाल, फुग्याच्या बाह्यांचा. दार उघडलं ते साडी नेसलेल्या, जवळजवळ त्यांच्या खांद्याला लागणाऱ्या मुलीने. नानांनी तिला विचारलं, “सविता हाय का घरात?”

ती दारातून मागे सरली. आतून मामा आले. त्यांनी नानांना अंगणाबाहेर नेलं. फार शिव्या वगैरे दिल्या नाहीत. एवढंच म्हणाले, “माझी बहीण मातीखाली गेली तव्हा तुमी पक्क्या भिंतीत व्हता. आता पोरीला जागा बघून राहिलो. खुन्याची पोर म्हणून कोण करील? तिचा बाप भूकंपात गेला असं आमी सांगतो सगळ्यायला. तुमी तसंच र्‍हावा.”

नानांनी मान डोलावली. फ्रॉक त्यांच्या हातातच राहिला. तो दुकानात खुंटीवरच्या पिशवीत होता. त्याच पिशवीत पुढे एक नवी छोटी कात्री आली. सविताचं लग्न चाकूरला झालं, नाना गेले नाहीत. तिला मुलगा झाल्याचं कुणाकडून तरी कळलं त्या दिवशी त्यांनी ती कात्री आणली. नातवाचं जावळ आपल्या हाताने काढावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्या कात्रीने त्यांनी कुणाचा केस कापला नाही. सलीम चिडवायचा, “नाना, गंज लगेगा.” नाना म्हणायचे, “तेल लावून राहिलो की रोज.”

मी बारावीला असताना एका रविवारी ते म्हणाले, “चाकूरला येतो का? एकट्याला जाऊ वाटंना.” आम्ही एसटीने गेलो. सविताचं घर एका चहाच्या टपरीसमोर होतं. आम्ही टपरीवर बसलो. अंगणात दोनेक वर्षांचा मुलगा कोंबडीमागे पळत होता. त्याचं जावळ अजून काढलेलं नव्हतं, वाढलेल्या केसांची डोक्यावर लाल फितीने शेंडी बांधली होती. नाना पाहत राहिले.

टपरीवाल्याने सहज विचारलं, “कुणाकडं आलात पाव्हणं?”

जो माणूस प्रत्येक अनोळखी गिऱ्हाइकासमोर उभा राहून आपण कोण ते सांगतो, तो त्या दिवशी चहाच्या कपाकडे पाहत म्हणाला, “कुणाकडं न्हाई. बस चुकली.”

सविता बाहेर आली, मुलाला उचललं आणि आत गेली. तिने रस्त्याकडे पाहिलंसं मला वाटलं, पण खात्रीने सांगता येत नाही. मी म्हणालो, “नाना, चला ना. नुसतं दारापर्यंत.” त्यांनी मान हलवली. “तिनं बोलावलं तर. मी एकदा न इचारता हात उचलला, त्याला आता लई वर्सं झाली.”

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. चाकूर मागे पडल्यावर म्हणाले, “केस लई दाट हायत. मागं दोन भोवरे हायत, बघितलं का? तितं कात्री जपून चालवावी लागती.”

काही दिवसांनी कळलं, जावळ देवाला जाऊन काढलं. नानांनी पिशवी खुंटीवरून खाली घेतली, कात्रीला तेल लावलं आणि पिशवी परत टांगली. त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी दुकानदारी केली. एका पोराने विचारलं, “नाना, आज थट्टा न्हाई काय?” ते म्हणाले, “हाय की. उद्या ये.”

बारावीनंतर मी नांदेडला कॉलेजला आलो. डॉक्टर होण्याइतके मार्क पडले नाहीत. ते सांगायला मी लातूरला गेलो तेव्हा नाना म्हणाले, “कडी आतूनच हाय ना? मंग बास.” निघताना ते दारात उभे होते, टॉवेल खांद्यावर. गल्लीच्या वळणावरून मी मागे पाहिलं तर ते आत वळून हत्यारं मांडत होते. त्यांना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं. इथे गोदावरीच्या बाजूने संध्याकाळी खोलीवर परतताना त्या वेळेला कधी कधी ते “हत्यार जमा” कानात वाजतं, आणि मला वाटतं, आता क्षणभर थांबले असतील.

हा लेख मी इथेच संपवणार होतो. पण परवा सलीमचा फोन आला. तो आता घराशेजारच्याच मेडिकलच्या दुकानात असतो, तिथून नानांचं शेड दिसतं. त्याला धाप लागली होती.

“अरे, वो आई ना!”

“कोण?”

“सविताताई! मोटारसायकल पे. नवरा संगं, पोरगं संगं.”

ती गाडीवरून उतरली आणि थेट दुकानात गेली, तिच्या मागोमाग सलीमही शेडच्या दाराशी पोचला. नानांना म्हणाली, “उद्यापासून शाळंत घालायचंय याला. केस बारीक करून द्या.” एवढंच. रडणं नाही, पाया पडणं नाही. नानांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर लहान मुलांसाठी ठेवायची फळी आडवी टाकली, पोराला तिच्यावर बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं. मग सवयीप्रमाणे ते पुढे आले आणि जावयासमोर उभे राहिले. सलीम म्हणाला, तिथेही त्यांनी सुरुवात केलीच. “पाव्हणं, आधी एक सांगतो. मी…”

“बाबा,” सविता म्हणाली, “यांला सारं म्या सांगून आणलंय.”

जावई खाली बघत म्हणाला, “सांगितलंय तिनं. तुमी करा.”

नानांनी खुंटीवरची पिशवी काढली. छोटी कात्री हातात घेतली, मुलाच्या मागे उभे राहिले आणि थांबले. “ठेवू का?”

पोरगं आरशात बघत म्हणालं, “हाव. पर कान नका कापू.”

सलीम सांगत होता आणि मी इकडे नांदेडला वसतिगृहाच्या जिन्यात उभा राहून ऐकत होतो. केस कापायला किती वेळ लागला, भोवऱ्यांपाशी कात्री कशी चालली, मला सगळं विचारायचं होतं. पण मी भलतंच विचारलं. “संध्याकाळी? हत्यार जमा म्हणाले का?”

“नाही रे. ते त्यांच्यासंगं स्टँडकडं गेले, पोराला रसवंतीवर रस पाजायला. दुकान उघडंच. मी जाऊन बघितलं तर वस्तरा, कंगवा, सगळं तसंच पडलेलं, आन् ती छोटी कात्री खुर्चीवर, केसांत.”

“मग तू उचललीस?”

“नाही,” सलीम म्हणाला. “र्‍हाऊ दिली.”